निळ्या फितीवरचं नाव

नापोली, २० मार्च २०२४

प्रिय साव्हेरियो,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. तू, लुदोविका आणि बाळ तिघंही खुशाल असाल. इथे सगळं ठीक. पप्पांचा गुडघा थंडीत धरला होता, तो आता सुटलाय. खालच्या असुंतामावशींनी पुन्हा केस रंगवलेत, या वेळी गाजराच्या रंगात, आणि कोणी हसलं की त्याच्याशी बोलणं बंद करतात. म्हणजे सध्या अर्ध्या गल्लीशी त्यांचं वाकडं आहे. लिफ्ट बंद आहे, हे तुला सांगायला नकोच.

फोन हाताशी असताना मी कागदावर का लिहितेय, याचं तुला नवल वाटेल. कारण पुढे येईल. आधी फितीचं सांगते.

मुलगा झाल्याचा तुझा फोन आला त्याच दिवशी पप्पांनी खालच्या मोठ्या दारावर निळी फीत लावली. बाजारातली तयार नव्हे. साटीन मी आणलं, पण अक्षरं त्यांनी स्वतः कापली. हातमोज्यांचं मऊ पांढरं कातडं त्यांनी कुठे जपून ठेवलं होतं, देव जाणे. कारखाना बंद पडल्यापासून कात्रीला हात लावला नव्हता त्यांनी. दोन दिवस खिडकीशी बसून एकेक अक्षर कापलं आणि बारीक टाक्यांनी शिवलं, आनिएल्लो एस्पोझितो, स्वतःचंच नाव. तुला त्यांनी विचारलं नाही. विचारायचं कशाला? मुलाच्या पहिल्या मुलाला आजोबाचं नाव, हे आपल्याकडे विचारून ठरत नाही. त्यांना त्यांच्या आजोबांचं मिळालं, तुला आपल्या आजोबांचं.

असुंतामावशी फितीखाली उभ्या राहून म्हणाल्या, "आणखी एक एस्पोझितो? पोस्टमन आता राजीनामा देणार बघा." पप्पा इतके हसले की त्यांना खोकला आला. खरंच आहे म्हणा. एकट्या आपल्या इमारतीत चार बेलांवर हेच आडनाव. बाजारात कोणी मोठ्याने हाक मारली, तर निम्मी रांग मागे वळते. तुझ्या वर्गात पाच होते, म्हणून बाई तुला 'हातमोजेवाल्याचा' म्हणायच्या आणि तू घरी येऊन दप्तर फेकायचास. तेव्हा मला वाटायचं, तुला आडनाव आवडतं, हातमोजे आवडत नाहीत. आता वाटतं, तुला दोन्ही आवडत नव्हतं.

गेले तीन आठवडे तू फोनवर "बाळ झोपलं", "बाळ दूध छान पितं" एवढंच बोलतोस. एकदाही नाव नाही. मला ते खटकत होतं, पण मी मनात म्हटलं, नवा बाप आहे, गोंधळलाय.

काल सान ज्युसेप्पेचा दिवस, वडिलांचा दिवस. मी सकाळपासून झेप्पोले तळत होते. दोन्ही हात पिठात. फोन वाजला, तुझा आवाजी निरोप होता. पप्पा बाहेर गॅलरीत असतील असं समजून मी कोपरानं बटण दाबलं आणि तळणीच्या आवाजात ऐकू यावा म्हणून आवाज पूर्ण मोठा केला.

तू काय बोललास ते तुला आठवत असेलच, तरी लिहिते, म्हणजे नंतर तसं नव्हतं म्हणू नकोस. "नुन्झी, पप्पांना माझ्याकडून शुभेच्छा दे. आणि एक काम कर ना. बाळाचं नाव एत्तोरे ठेवलंय. आडनाव लुदोविकाचं लावलंय, वाल्सेकी. आता कायद्यानं चालतं. तू जरा सवडीनं सांग त्यांना, तुझं ऐकतात ते. अगं, इथे मिलानोत एस्पोझितो म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, पिझ्झा छान जमत असेल ना तुला. आणि अर्थ काय त्याचा? टाकलेला. आपल्या कोणाला तरी उकिरड्यावर टाकलं होतं, हे माझ्या मुलानं जन्मभर छातीवर लावून फिरायचं का?"

पप्पा गॅलरीत नव्हते. दारात उभे होते. मी तेलाखालचा गॅस बंद केला. दुसरं काय करणार होते? म्हणूनच हे पत्र कागदावर, आवाजी निरोप कोणाच्या कानी पडेल सांगता येत नाही.

ते टेबलाशी बसले. एक झेप्पोला उचलला, पूर्ण खाल्ला, बोटांवरची साखर पुसली. "क्रीम जरा गोड झालंय," म्हणाले. मग शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री खिशात घातली, खुर्ची उचलली आणि त्या गुडघ्यानं चार मजले खाली उतरले. मी मागे गेले, तर हातानं थांबवलं.

मी जिन्याच्या खिडकीतून पाहिलं. खुर्चीवर चढून ते एकेक टाका सोडवत होते. साटीनला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. असुंतामावशी म्हणाल्या, "आनिएल्लो, फीत वाकडी झाली का?"

"नाही. नाव चुकलं होतं."

"अरे देवा. मग खरं काय?"

"बाळाचं सगळं चांगलं आहे. त्याला आई आहे, बाप आहे, नाव आहे. या वेळी टाकलंय ते म्हाताऱ्याला."

मावशींनी आत जाऊन कॉफी आणली आणि ती पिऊन होईपर्यंत त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. फीत अजून दारावरच आहे, कोरी.

आता माझं ऐक. मला तुझा भयंकर राग आलाय. तू डॉक्टरेट केलीस, पण उकिरडा म्हणालास, तो कुठून आणलास? आनुन्झियाताच्या जुन्या अनाथालयाच्या भिंतीतलं ते चाक लहानपणी आपण दोघांनी पाहिलंय, पप्पांचा हात धरून. बायका लेकरू त्यात ठेवायच्या, घंटा वाजवायच्या आणि तोंड लपवून पळायच्या. आतली नन चाक फिरवून मूल उचलायची. ज्यांचं कोणी नाही ती मादोन्नाची, मारियामातेची लेकरं, आणि त्या सगळ्यांना हे एकच आडनाव. दोनशे वर्षांपूर्वी ते द्यायचं बंद झालं, म्हणजे आपला पहिला माणूस त्याही आधीचा. तो कोण होता, कोणालाच माहीत नाही. एवढं माहीत आहे की तो जगला, आणि त्याच्यानंतर आपल्या घरात कोणी कोणाला टाकलं नाही. शहरभर हे आडनाव पसरलंय, कारण ती पोरं मेली नाहीत. यात लाज वाटण्यासारखं काय आहे, ते मला सांग.

त्या बायका पळून जायच्या, पण लेकराच्या गळ्यात अर्धं पदक बांधून जायच्या. दुसरा अर्धा तुकडा स्वतःजवळ. कधी दिवस पालटले, तर जुळवून घ्यायला. तू काहीतरी अर्धं तरी ठेवायचंस, साव्हेरियो. आनिएल्लो नको होतं तर आडनाव ठेवायचंस. आडनाव नको होतं तर मधलं नाव तरी. तू काहीच ठेवलं नाहीस, आणि तेही सांगायला मला पुढे केलंस.

आणखी एक, जे मी तुला कधी लिहिणार नव्हते. आईचं आडनाव लावायची मुभा देणारा तो कायदा झाला, तेव्हा बातम्या बघताना मी आत जाऊन रडले होते. डॉक्टरांनी मला 'आता आशा नाही' म्हणून सांगितल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मला एखादं मूल असतं, तर मी त्याला आनिएल्लो एस्पोझितो केलं असतं. सासरचे बोंबलले असते तरी केलं असतं. तो कायदा माझ्यासारखीच्या कामाचा होता. तुला आयताच मिळाला.

ईस्टरला तुम्ही येणार आहात. पप्पांना काल संध्याकाळी विचारलं, येऊ देऊ का. ते म्हणाले, बाळ कुठल्याही नावानं येऊ दे, आपल्या घरात दाराशी आलेल्या लेकराला कोणाचं म्हणून विचारत नाहीत. लुदोविकासाठी ते आर्टिचोक भाजणार आहेत. अट फक्त तुला आहे.

खाली आलास की बेल वाजवशील. वरून पप्पा विचारतील, "कोण?" तू नेहमी "मी" म्हणतोस. या वेळी तसं चालणार नाही. घंटा वाजवून नाव न सांगणारे त्या चाकापाशी पुष्कळ होऊन गेले. तू आडनाव सांगायचंस, असुंतामावशींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, बायकोमुलासमोर. तसं केलंस, तर दार उघडेल. नाही केलंस, तर मी खाली येऊन बाळाला आणि त्याच्या आईला वर घेऊन जाईन, आणि तू बाहेर राहशील.

तुझी बहीण,
नुन्झिया एस्पोझितो