डिपॉझिट परत मिळण्याच्या अटी

३ डिसेंबर
आज स्टील प्लांटजवळच्या मरोद्यात, चंपतच्या बंगल्यात मुक्काम ठोकला. रिटायर माणसाला इतकी ऐसपैस जागा मिळू नये, आळस वाढतो. पुढे व्हरांडा, दोन खोल्या पाहुण्यांसाठी, एक माझी, आणि मागे एक कुलूपबंद खोली. तिच्यात म्हणे अडगळ आहे. लग्नाला, परीक्षेला, सुट्टीत येणारी कुटुंबं दोन-तीन दिवसांसाठी हे घर भाड्यानं घेतात. बुकिंग फोनवर येतं.

चंपत आणि मी एकाच क्रेनवर होतो. प्लांटमध्ये रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय क्रेन सोडता येत नाही. अठ्ठावीस वर्षं माझा रिलीव्हर चंपतच होता आणि एकदाही उशिरा आला नाही. तीन वर्षांपूर्वी रिटायर होऊन त्यानं आपल्या मावसभावाकडून, फकिराकडून, हे घर घेतलं आणि तो इथेच रुतला. माझ्या निरोप समारंभालाही फिरकला नाही. मी फुगून बसलो होतो. पण परवा त्याचा फोन आला, "बळीराम, मले पंधरा दिवस मोकळं कर. अठराले सकाळी सहाले येतोच. तुह्याशिवाय कोनावर भरोसा नाई." झालं, विरघळलो.

निघताना त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं. मी सवयीनं "चार्ज घेतला" लिहिलं, वेळ टाकली, सही ठोकली. आमच्या लोकांना रजिस्टर दिसलं की हात आपोआप चालतो, वर काय लिहिलंय ते कोण वाचतो! चंपतच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारपणी माणूस हळवा होतो.

एकवीसला नागपुरात नातीचा पहिला वाढदिवस. मी आलो नाही तर केक कापणार नाही, असा पायलचा दम आहे. लेक आईवर गेली आहे.

५ डिसेंबर
चंपतच्या बुकिंगच्या अटी म्हणजे नुसता गोंधळ. पाहुण्यांशी भांडण होतं ते नेहमी डिपॉझिटवरून. आधीच स्वच्छ लिहून ठेवलं की कुणाला तोंड वाकडं करायला जागा राहत नाही. दिवसभर बसून आठ अटी लिहिल्या. बुकिंग करताना अर्धं भाडं. सात दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण परत, त्यानंतर काही नाही. मोडतोडीचं डिपॉझिट वेगळं, ते घर तपासून निघताना हातात. फ्रेम करून बैठकीत लावलं. माझं अक्षर आधीपासूनच देखणं, मीच तीनदा वाचलं.

१० डिसेंबर
गोंदियाच्या कुटुंबाचं तीन दिवसांचं बुकिंग होतं, पण आज दुसऱ्याच सकाळी त्यांनी सामान बाहेर काढलं. बाईचं म्हणणं, मागच्या खोलीतले आजोबा दाराआडून तिच्या मुलीला विचारतात की तुझा सगळ्यात जास्त विश्वास कुणावर आहे. मी हसलो. ती अडगळीची खोली आहे म्हणालो आणि कुलूप दाखवायला घेऊन गेलो.

कुलूप होतंच. उंबऱ्यापाशी जेवून झालेलं ताट होतं. ते मी ठेवलं नव्हतं. अटीप्रमाणे काही परत देणं लागत नव्हतो, तरी त्यांना सगळं देऊन टाकलं.

१४ डिसेंबर
ताट रोज असतं. घासून ठेवलं तरी असतं. आता मी तिकडे जात नाही. चार दिवस राहिलेत, काढू कसेतरी.

१८ डिसेंबर
पहाटेपासून बॅग घेऊन व्हरांड्यात बसलो. सहा वाजले. नऊ वाजले. चंपत आला नाही. फोन उचलत नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. वाईट वाटलं, मग राग आला, मग त्याचीच काळजी वाटली. मी असा मूर्ख.

१९ डिसेंबर
आज कुलूप लावून निघालो. गेटबाहेर पडलो, डावीकडे वळलो, समोर हेच गेट. उजवीकडून गेलो, पुन्हा हेच गेट. भर उन्हात, दुपारी बारा वाजता. कोपऱ्यावरचा पानवाला बबलू हसत म्हणाला, "अंकल, कितने चक्कर मारोगे?"

पायलला फोन केला. ये, मला इथून घेऊन जा. रडलो मी, म्हातारा असून. ती म्हणाली, "बाबा, घाबरू नका ना, मी येऊन राहिली."

२० डिसेंबर
फ्रेममध्ये नऊ अटी आहेत. मी आठ लिहिल्या होत्या. नववी माझ्याच अक्षरात आहे—

"घराला डिपॉझिट म्हणून एक माणूस ठेवावा. ठेवणाऱ्यावर त्याचा विश्वास असावा, परका चालणार नाही. रिलीव्हरने सही केल्यावर परत."

रजिस्टर काढलं. माझ्या सहीच्या वर— डिपॉझिट: फकिरा. रिलीव्हर: चंपत. डिपॉझिट: चंपत. रिलीव्हर: बळीराम.

चंपतनं शेवटी फोन उचलला. मागे कपबशांचा आवाज. नेहरू नगरात टपरीवर चहा पिऊन राहिलो म्हणाला, तीन वर्षांनी या घराबाहेर. "मी तरी काय करू? फकिरानं मले बसवलं, मी तुले. तुले बी कोनी आपलं असनच." माझ्यावर जीव होता म्हणूनच मला निवडलं म्हणे. अख्खी नोकरी या माणसाच्या भरवशावर काढली मी.

आणि मी स्वतः काय केलं— पायलला बोलावलं. फोन लागत नाही. ती गाडीत बसली असेल.

२० डिसेंबर, संध्याकाळ
मागच्या खोलीतून आवाज. पायल कधी पोचते, असं विचारतोय. तिचं नाव मी त्याला सांगितलं नव्हतं—

२१ डिसेंबर
रजिस्टर कपाटात कोंडलं होतं. व्हरांड्यात टेबलावर आहे. उघडं. पेन वर. पुढची ओळ आखलेली—

रिक्षा थांबली.

आली. आत आली. बाबा, किती वाळलात. चंपतकाकांचा फोन आला होता म्हणाली, फक्त सही करायची आणि तुम्हाला न्यायचं. पेन उचललं तिनं. मी हिसकावलं.

विश्वास असावा लागतो. तोच मोडला तर— एवढंच सुचलं.

तिला नाही नाही ते बोललो. तुझी अडचण होते. तुझ्या पोरीचं तोंड पाहायचं नाही मला. आईच्या आजारात तू आली नाहीस, हेही. ते खोटं आहे. पायल, ते सगळं खोटं आहे—

रडत गेली. गेटपर्यंत गेली. जा बाळा, जा. मागच्या खोलीचं कुलूप गळून पडल्याचा आवाज—

ती थांबली आहे. डोळे पुसते आहे. म्हणते, "तुम्ही असं बोलणारच नाही, बाबा. मले मालूम आहे." गेट उघडून पुन्हा आत येते आहे. पेन माझ्या हातात— नको, पायल, माझ्यावर विश्वास—