मोटारीला चहा चालत नाही

सोमवार, ४ एप्रिल १९८३. पेण

गाडीनं आज रोह्यात परत मान टाकली! सकाळी इथून खणखणीत निघाली. नातू जगन बहिणीच्या सासरी चहापुरता टेकला, बाहेर येऊन किल्ली फिरवतो तर नुसती कुरकुर. दुपारी मात्र आपली आपण सुरू. रुसली म्हणावं तर तिला कोणी काही बोललंही नव्हतं.

माझी नात सगुणा, तिला सातवा सरत आला. पहिलं बाळंतपण, आणि पोरीला आई नाही — माहेर म्हणजे मीच. तिची सासू कृष्णाबाई जगनला म्हणाल्या, "असल्या गाडीत मी तिला बसवायची नाय." झालं! गाडी सुधारल्याशिवाय सगुणा पेणला येत नाही. एसटीत कोंबायला ती काय मिठाची गोण आहे?

५ एप्रिल

जनू मिस्त्री म्हणतो ठिणगी देणारी कॉइल गेली. नवी घातली.

८ एप्रिल

कॉइल नव्हे. आता म्हणे पेट्रोल पंप — गाडीच्या पोटातला, रस्त्यावरचा नव्हे. हे मी दोनदा विचारून घेतलं. त्यावर ओलं फडकं बांधायचं, तापात कपाळावर पट्टी ठेवतो तसं. नागोठण्यापर्यंत सोबत गेले, फडकं भिजवायला. तिथं उसाचा रस प्यालो, येऊन बघतो तर कुरकुर. जगननं चोक ओढला, वर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय आपटत बसला. पेट्रोलचा असा वास सुटला की बिडीवाले लांब सरकले. सकाळी गार असते तेव्हा चोक दिल्याशिवाय उठत नाही, आणि तापल्यावर दिला की गुदमरते. ही गाडी की सून?

मी सांगते ते उतरवून घेणारी नातसून विमल म्हणते, हे लिहिणार नाही. लिही गो.

९ एप्रिल

डोकं चालेना. थांबवून लगेच किल्ली फिरवली तर सुरू होते. दुपारभर उभी ठेवली तरी होते. मग बिघडलंय काय?

१० एप्रिल

जनू म्हणाला, इंजिन बंद केलं की आतला ताप वर चढतो, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून उतू जातं. दुधासारखं. निवलं की ठीक. अडलंच तर चोकला हात लावायचा नाही, पाय दाबून धरायचा, आपटायचा नाही.

मी विचारलं, उकळी किती वेळ राहते? "चहापाणी होईस्तवर, आजी."

म्हणजे रोग असा, की चहाला थांबलं तर अडते, जेवायला थांबलं तर बरी! आता व्याह्यांकडे चहाला नाही म्हणून पोर कशी उठवून आणायची? नाही म्हणायचंच नाही. पानावरच बसायचं.

१२ एप्रिल

रोह्याला गेलो. कृष्णाबाईंनी चहा टाकला. मी म्हटलं, आज जेवूनच जाणार. बाई गडबडल्याच. मग दोघी वाल सोलायला बसलो. एरवी मी उंबऱ्यावरून परतणारी. त्या सोललेलेच वाल परत चाचपत होत्या.

मी म्हटलं, गाडीचं दुखणं सापडलं हो. तर त्यांचा चेहरा खुलायचा सोडून उतरला! मला काही उमगेना. गाडी बरी झाल्याचं सुतक कशाला?

तेवढ्यात सगुणा मोरीकडे निघाली, भिंत धरून. पाय असे सुजलेले की जोडवी काढून ठेवलेली. मी हातातला वाल तसाच धरून कृष्णाबाईंकडे बघत राहिले.

त्या खाली बघूनच म्हणाल्या, "डॉक्टरनी प्रवास बंद केलाय, विहीणबाई. ही म्हणाली, आजीला सांगू नका, जीवाला लावून घेल. मंग मी गाडीला नावं ठेवली."

जेवण छान होतं. मला चव कळली नाही.

१३ एप्रिल. रोहा

काल जेवणानंतर गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. जगन एकटाच पेणला गेला. कालपासून हे सगुणा लिहितेय, पडल्या पडल्या.