शून्य येणारी गणितं

प्रिय इरा,

शिफ्ट सुटल्यावर चाकणच्या कॅन्टीनमध्येच बसून लिहितोय. फोन केला असता तर तू मधेच 'बास कर रणजीत' म्हणाली असतीस. कागदाला तसं म्हणता येत नाही.

तुझ्या प्राध्यापकपदाच्या मुलाखतीचं कळलं. इतक्या वर्षांचं काम, आणि त्या माणसाने पहिलाच प्रश्न काय विचारला, तर तुमच्या पेपरचा संदर्भ किती जणांनी दिलाय? तू खरं ते सांगितलंस, चार. तो हसला. त्याचं नाव मला सांगितलं नाहीस, बरं केलंस. हजेरीवरून विभागप्रमुखांच्या टेबलावर हात आपटून मी दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं, ते तुझ्यासमोरच झालं. डोकं अजून तसंच आहे, फक्त आता कंपनीच्या हेल्मेटखाली असतं.

आपल्या वर्गातला सुजित आठवतो? चिंचवड स्टेशनजवळ ऑफिस टाकलंय त्याने. पोरांचे प्रोजेक्ट, सरांचे पेपर, सगळं 'करून देतो'. तुझं ऐकून म्हणाला, "टेन्शन कशाला घेतो भावा? आपले पेपर निघतच असतात, प्रत्येकात खाली वहिनींचा संदर्भ टाकतो. शंभर करून देऊ." आपल्याकडे वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो ना, खाली पन्नास शुभेच्छुकांचे फोटो आणि निम्म्यांना दादा कोण तेच ठाऊक नसतं, तसलंच हे. मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, तिच्या नावाला हात लावलास तर हे शटर परत वर जाणार नाही. 'वहिनी' म्हणाला म्हणून एवढ्यावरच सुटला.

तुझं काम मला किती कळतं? संत तुकाराम नगरला तुमच्या जिन्यात बसून तू समजावलं होतंस तेवढंच. एकमेकांत गुंतलेली समीकरणं कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायची. तो बिचारा ढीगभर आकडेमोड करतो आणि त्यातली बरीचशी शेवटी शून्य येते, फुकट जाते. शून्य येणारी गणितं करायच्या आधीच ओळखून सोडून द्यायची, हा तुझा शोध. तुझा प्रोग्राम तू सगळ्यांना फुकट दिलास. त्याच्या पानावर लोक प्रश्न टाकतात, ते मी जेवणाच्या सुट्टीत वाचत बसतो. ब्राझीलच्या कुणीतरी लिहिलंय, आठवडाभर अडकलेलं गणित तुमच्यामुळे दुपारीच सुटलं. हा माणूस उद्या पेपर लिहील आणि तुझा प्रोग्राम ज्या मोठ्या सिस्टिमच्या पोटात चालतो तिचं नाव देईल, तुझं नाही. तूच म्हणाली होतीस, तुमच्यात प्रोग्राम वापरतात सगळे, संदर्भात लिहीत कुणी नाही. मग त्या चारवरून स्वतःला का मोजतेस? पानावर ठळक लिही ना, वापरलंत तर माझं नाव द्या. यात लाजायचं काय? आमच्या कंपनीत नट बनवणारासुद्धा त्यावर आपला शिक्का मारतो.

आता खरं कारण. परवा हरिहरकाका आमच्या घरी आले होते. तुझे बाबा, आणि आमच्या ओट्यावर! आईची नुसती धांदल, वर विचारते कशी, "पोरगी कंदी येनार हाय?" चहा तसाच ठेवून काका म्हणाले, "रणजीत, इथे जवळच, माणच्या आयटी कंपनीने इराला नोकरी देऊ केली आहे. सोमवारपर्यंत कळवायचंय. आणि ही चेन्नईला तिच्या गाईड सरांकडे आणखी एक वर्ष थांबायचं म्हणतेय. आमचं ऐकत नाही, तुझं ऐकेल. पत्र लिही, परत ये म्हणावं." मी हो म्हणालो. ते गेल्यावर वेड्यासारखा खूश होतो, इरा. तू माणला, मी चिंचवडात. रोज संध्याकाळी ट्रॅफिकला शिव्या घालत तुझ्या गेटबाहेर उभा राहिलो असतो. मनात तर जागासुद्धा ठरवली होती, वडाखालच्या चहाच्या टपरीपाशी. तर काकांनी सांगितलेलं पत्र ते हेच, आणि त्यात लिहितोय की येऊ नकोस. ते वर्ष घे. मी काकांना स्वतः जाऊन सांगेन, ओरडले तर ऐकून घेईन, टेबलावर हात आपटणार नाही. फक्त एक कर. आपल्या दोघांचं गणित शून्य येईल असं धरून आधीच सोडून देऊ नकोस. एवढं एक पूर्ण करून बघ.

तुझाच, कितीही वेळ लागला तरी,
रणजीत