भिंतीवरचे दोन धर्मा पाटील

१२ ऑगस्ट २०२५, सकाळी ११.४०. इटलीत दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाच्या पायरीवर बसून लिहितोय.

आई, तुझ्या नि बाबांच्या पायांवर डोकं.

जहाज बंदरात आहे, पोटभर जेवलोय.

पणजोबांचं नाव सापडलं. पण भिंतीवर ‘शिपाई धर्मा पाटील’ दोनदा कोरलंय. नंबर वेगळे, तारखा वेगळ्या, गाव कुठेच नाही. कानाला लावायच्या यंत्रावर माहिती तीनदा ऐकली. त्यात नुसती लढाई आहे.

सोबतचा सुशांत म्हणाला, “दोघांच्या पाया पड ना रे, एक तरी तुझा असेल!” पडलो. तरी समाधान नाही.

पणजीच्या पेन्शनच्या कागदावर पणजोबांचा फौजेतला नंबर आहे का? मग तारीख कळेल, त्यांचं श्राद्ध तिथीला करता येईल. बाबांचा गुडघा कसा आहे?

तोवर सर्वपित्रीला दोन पानं वाढ. दुसऱ्याला त्याच्या घरी कोणी वाढतं का, ठाऊक नाही.

तुझा मितेश