चांगला टाको शहराबाहेर

मंगळवार, संध्याकाळ

पुण्याहून सुट्टीला आलेल्या लेकीला, सईला, देवगडच्या नव्या हॉटेलात टाको, म्हणजे ती सारण भरून दुमडलेली मेक्सिकोची पोळी, खायला नेलं. मला सोलकढीबरोबर आवडला. तिने अर्धा टाकला. म्हणाली, "आये, पुण्यात बरो टाको खावचो तर शहराच्या भायर दीड तास जावक लागता. शहरात नुसतो थाट."

तो अर्धा मी बांधून आणला. आत्ता लिहिता लिहिता खातेय. मऊ पडलाय, तरी चांगलाच लागतोय. की मला कळतच नाही? मूळचा कसा असतो, इथे जामसंड्यात विचारू कुणाला?

आणि टाकोसाठी दीड तास बाहेर जाणारी ही मुलगी इथल्या शाळेतली नोकरी नको म्हणते. म्हणे, फार बाहेर पडतं. म्हणजे नक्की किती बाहेर असलेलं चालतं हिला?

अर्धा टाको संपला. तिला हे विचारायचं राहिलंच.