निळी चकती आणि आतली कडी

मेडशी

प्रिय प्रसेनजित,

सप्रेम जयभीम. फोन असताना बाबांनी पत्र कशाला लिहिलं, असं तुला वाटेल. पण मी फोन हातात घेतला की तुझी आई कान देऊन बसते आणि हा परका माणूस माझ्या पोराशी काय बोलतो, म्हणून टक लावून पाहते. तिच्यासमोर तिचंच दुखणं कसं सांगू? म्हणून शेजारच्या देवानंदच्या ओट्यावर बसून लिहितोय.

उन्हाळ्यात आलास तेव्हा दाराला बसवून दिलेलं कुलूप झकास चाललंय. ती निळी चकती जवळ नेली की टक् करून उघडतं. जेवताना तू समजावलं होतंस, की चकती आपलं गुपित कुणाला बोलून दाखवत नाही. कुलूप दर वेळी नवा प्रश्न विचारतं आणि गुपित जिच्याजवळ आहे तिलाच त्याचं उत्तर देता येतं. कुणी चोरून ऐकलं तरी कालचं उत्तर आज चालत नाही. मला तेव्हा निम्मंच कळलं होतं. उरलेलं तुझ्या आईने शिकवलं.

सकाळी मी दूध घेऊन येतो. कुलूप मला ओळखतं, पण हिने आतून कडी घातलेली असते. मी दौलत, असं म्हटलेलं तिला पटत नाही. मग प्रश्न येतो. "आमची पयली म्हैस कोनाच्या गोठ्यातून आनली व्हती?" जानरावच्या, म्हटलं की कडी निघते. चहाही मिळतो, पण पाहुण्याला द्यावा तसा. दुसऱ्या दिवशी प्रश्न वेगळा. एवढं विसरणाऱ्या बाईला हे कसं साधतं, कोण जाणे! एसटीत जन्मभर लोकांचे पास तपासले, आता रोज माझाच पास तपासला जातो, असं मी देवानंदला हसत सांगतो. हसतो खरा, पण आपल्याच दाराबाहेर किटली घेऊन उभं राहताना फार वाईट वाटतं रे.

एकदा मी तिची औषधं आणायला वाशिमला गेलो होतो. देवानंद तिच्यासाठी भाकर घेऊन गेला. आदल्या दिवशी मी दिलेलं उत्तर त्याने ऐकलं होतं, तेच ठोकून दिलं. आतून आवाज आला, "ते कालचं झालं. आजचं सांगा." भाकर ओट्यावर राहिली आणि कुत्र्याने नेली.

गेल्या रविवारी मात्र मी अडकलो. "प्रसेन पुन्याले चालला व्हता, तवा एसटीच्या पायरीवरून वाकून माह्या कानात काय बोलला?" तू वाकला होतास, एवढं मला आठवतं. मी तुझी बॅग डिक्कीत ठेवत होतो. त्या दिवशी ती रडली नाही, घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होती. आई-लेकाचं काही असेल म्हणून मी कधी विचारलं नाही. ठाऊक नाही, असं खरं तेच सांगितलं. ती म्हणाली, "मंग तुमी आमच्या घरचे नाई."

तेव्हापासून रोज हाच प्रश्न. मग मी मागच्या गोठ्याच्या दाराने आत शिरतो आणि ती मला बघून कोपऱ्यात अंग चोरून बसते. तिला माझी भीती वाटते, प्रसेन. तिने ओळखलं नाही ते मी सोसलं, हे सोसवत नाही.

ते वाक्य तुला विचारून घ्यावं, असं मनात आलं होतं. पण मी ते बोललो तर ती तुझ्यासाठी धावत येईल, कडी काढेल, आणि दारात मी उभा असेन. म्हणून ते मला लिहून पाठवू नकोस. मिळेल तेवढी रजा घे आणि ये. मी स्टँडवर थांबतो. दाराशी तू पुढे हो, तिचं उत्तर तूच दे. मी तुझ्या मागे उभा राहीन. कडी निघाली की तिला एवढंच सांग, हे माझे बाबा आहेत.

तुझाच,
बाबा