इलिनॉयच्या खोऱ्याचा जुना नकाशा

बाबा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. परवा घर बदलताना कपाटामागून तुमचा नकाशा निघाला. इथं माझ्याकडे राहायला आला होतात तेव्हा, डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून भाजी घेऊन येताना, एका घरापुढे जुन्या सामानाच्या गराज सेलमध्ये तुम्ही तो उचलला होतात. इलिनॉय नदीच्या खोऱ्याचा, माझ्या जन्माच्याही आधीचा, घड्यांवर विरलेला. तुमची सगळी नोकरी धरणाच्या कामावर नकाशे काढण्यात गेली. उंचीच्या तपकिरी रेषांवर बोट फिरवत तुम्ही म्हणालात, "हात बघ काढणाऱ्याचा, एक रेघ हललेली नाही." मी फोनमध्ये बघतच 'हो' म्हटलं.

मग दर शनिवारी चहा झाला की तुम्ही तो टेबलावर पसरायचात. एका उपनदीला तिथं घोड्याच्या नालेसारखं वळण होतं. "एव्हाना हिनं वाट बदलली असणार. जाऊन बघू या? दोन तासांचा तर रस्ता." एकदा माझं ऑफिसातलं सॉफ्टवेअर रिलीज आलं, एकदा मुलीचा स्विमिंग क्लास. तिसऱ्या शनिवारी तुम्ही पोळीभाजीचा डबा भरून, बूट घालून सोफ्यावर बसला होतात. मला नुसतं झोपायचं होतं. म्हटलं, "बाबा, मी ऑनलाइन चेक केलं. पुरामुळे तो रस्ता बंद आहे." तुम्ही "असं होय," म्हणालात आणि बूट काढलेत. पुन्हा विषय काढला नाहीत. महिन्याभरात भारतात परतलात, आणि त्या दिवाळीआधीच गेलात.

परवा नकाशा उघडला तर नदीकाठच्या रस्त्यावर पेन्सिलीची बारीक फुली, शेजारी तुमचं ते सरळ अक्षर: 'पुरामुळे बंद. माहिती: चिरंजीव.' माझ्या शब्दावर तुम्ही नकाशा दुरुस्त केला होतात. 

काल तिथं गेलो. गाडी मुलीनं चालवली. रस्ता चांगला डांबरी आहे. तुमचं बरोबर होतं, नदी सरळ झालीय. जुन्या वळणात तळं उरलंय, त्यात बगळे उभे होते. मुलीनं विचारलं, "डिड आजोबा एव्हर सी धिस?" मी म्हटलं, "नाही गं, त्यांना एवढा प्रवास झेपला नसता."

म्हणजे दोष तुमच्यावरच ढकलला. खरं काय ते लिहून तिला द्यावं, म्हणून आज बसलोय. तिला मराठी वाचता येत नाही, बाबा. म्हणूनच मराठीत लिहितोय.